पहिलं प्रेत पडेपर्यंत: डायब्लो २ मध्ये नेक्रोमॅन्सर उभा करताना

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, तू तो सांगाडे उठवणारा खेळायचास ना? माझा पार अडकलाय." डायब्लो २ या संगणकावरच्या खेळातला नेक्रोमॅन्सर, म्हणजे मेलेले उठवणारा मांत्रिक, त्याबद्दल बोलत होता तो. म्हटलं, स्किलच्या पानाचा फोटो पाठव. फोटो आला आणि मला हसूच फुटलं. लेव्हल ३८, नाइटमेअरचा (नॉर्मल, नाइटमेअर, हेल या तीन अडचण-पातळ्यांतली मधली) पहिला अ‍ॅक्ट, हातात आलेले ४१ पॉइंट, आणि ते वाटले होते सतरा वेगवेगळ्या स्किलमध्ये. कुठे एक, कुठे दोन, विषारी सुरीत तब्बल पाच. एक ना धड, भाराभर चिंध्या.

हसू आलं कारण वीस-बावीस वर्षांपूर्वी माझाही अस्साच होता. तासाला वीस रुपये देऊन सायबर कॅफेत बसायचो आणि जे नवीन स्किल उघडेल त्यात एक पॉइंट टाकून बघायचो. नाइटमेअरमध्ये सांगाडे उठवावेत आणि त्यांनी दोन फटक्यांत लोळावं, असं चाललं होतं. तेव्हा पॉइंट परत घ्यायची सोय नव्हती. शेवटी कॅफेवाल्याने मशीन फॉरमॅट केलं, त्यात माझा नेक्रोमॅन्सर गेला, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

भाच्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट क्रमाने लिहितोय. मूळ खेळ २००० सालचा, लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन ही पुरवणी २००१ची, आणि नव्या रूपातलं रिसरेक्टेड २०२१चं. पुढचं सगळं रिसरेक्टेड धरून आहे. जुनी पुरवणी खेळत असाल तरी बहुतेक गोष्टी लागू पडतील.

## १. बसण्याआधी हाताशी काय हवं

यादी छोटी आहे.

- माउस. लॅपटॉपच्या टचपॅडवर नेक्रोमॅन्सर खेळू नका. शाप एका जागी टाकायचा आणि प्रेत दुसऱ्या जागचं निवडायचं, तेही गर्दीत. बोटं दुखतील आणि चिडचिड होईल ती वेगळीच. कंट्रोलर चालतो.
- ऑफलाइन की ऑनलाइन, हा निर्णय. दोन्हीकडची पात्रं वेगळी राहतात, इकडचं तिकडे नेता येत नाही. मित्रांबरोबर खेळायचं असेल तर पहिल्या दिवसापासून ऑनलाइनच बनवा. एकटे असाल तर ऑफलाइन बरं. नकाशा त्या अडचण-पातळीपुरता तोच राहतो आणि नेट गेलं तरी खेळ थांबत नाही.
- एक कागद. चेष्टा नाही. पॉइंटचा हिशेब डोक्यात राहत नाही.
- बटणांची मांडणी. सांगाडा उठवणं, शाप, प्रेत फोडणं आणि गोलेम (आपल्या बाजूने लढणारा पुतळा) या चार गोष्टी डाव्या हाताच्या बोटांखाली पाहिजेत. सेटिंगमध्ये क्विक कास्ट चालू केलंत तर बटण दाबताक्षणी स्किल चालतं, आधी निवडून मग क्लिक करावं लागत नाही. गर्दीत याचा फार फरक पडतो.

## २. आधी एकच प्रश्न: प्रेत कुठून येणार?

आपल्याकडचा मांत्रिक भूत उतरवतो, हा उठवतो. एवढं लक्षात आलं की नेक्रोमॅन्सरचं अर्थकारण कळतं. याचं चलन म्हणजे प्रेत. सांगाडा उठवायला प्रेत लागतं, स्फोट करायला प्रेत लागतं, मेलेल्या राक्षसाला आपल्या बाजूने उभं करायलाही प्रेतच लागतं. आणि एक प्रेत एकदाच वापरता येतं.

त्यामुळे बिल्ड, म्हणजे पॉइंट कुठल्या स्किलमध्ये घालायचे याची मांडणी, निवडताना "कुठलं स्किल भारी दिसतं" हे विचारू नका. "पहिलं प्रेत कोण पाडणार, आणि प्रेत नसेल तिथे मी काय करणार" हे विचारा. तीन मुख्य वाटा आहेत, आणि त्यांची या प्रश्नाला तीन वेगळी उत्तरं आहेत.

समनर, म्हणजे सांगाड्यांची पलटण. पहिलं प्रेत सांगाडे पाडतात, पुढची तुम्ही फोडता. अंगावर फाटके कपडे असले तरी हा बिल्ड चालतो, कारण मार खाणारे आणि देणारे दुसरेच असतात. पहिल्यांदा खेळत असाल तर डोळे मिटून हा घ्या. याची कमतरता एकच: अरुंद जागा आणि एकटा बॉस. त्यावर पुढे सविस्तर बोलू.

बोन, म्हणजे हाडांचे भाले. पहिलं प्रेत तुम्ही स्वतः पाडता. बोन स्पिअर रांगेतल्या सगळ्यांना भेदून जातो, आणि त्याचं नुकसान मॅजिक प्रकारचं असल्यामुळे शेवटच्या हेल पातळीवरही त्याला दाद न देणारे शत्रू कमी भेटतात. पण हा पॉइंट खातो. बोन स्पिअरला टीथ, बोन वॉल, बोन प्रिझन आणि बोन स्पिरिट अशा चार स्किलकडून जोड मिळते. पाचही वीसवर नेले की झाले शंभर. शिवाय मंत्र भरभर टाकता येण्यासाठी वस्तू लागतात.

पॉयझन, म्हणजे विषाचं वलय. पॉयझन नोव्हा लेव्हल ३०ला उघडतं. त्याआधी काय करायचं? तोवर समनर म्हणून खेळा आणि मग पॉइंट परत घेऊन बदला, हाच सरळ रस्ता. नोव्हा, पॉयझन डॅगर आणि पॉयझन एक्स्प्लोजन मिळून साठ पॉइंटमध्ये काम होतं. उरलेले प्रेत फोडण्याच्या स्किलला. हेलमध्ये विषाला दाद न देणारे भरपूर भेटतात, तेव्हा तोच स्फोट कामी येतो.

भाच्याने विचारलं, "सुरीवाला बिल्ड नाही का?" आहे. हौशी लोक खेळतात. दुसऱ्या-तिसऱ्या नेक्रोमॅन्सरला करून बघ म्हटलं.

यापुढचं मी मुख्यतः समनर धरून लिहितोय. ज्याला बाकीचे दोन करायचेत त्याच्यासाठी मध्ये मध्ये थांबेन.

## ३. पॉइंटचा हिशेब कागदावर मांडा

प्रत्येक लेव्हलला एक स्किल पॉइंट. त्याशिवाय प्रत्येक अडचण-पातळीवर मोहिमांमधून चार: पहिल्या अ‍ॅक्टमधली डेन ऑफ ईव्हिल एक, दुसऱ्या अ‍ॅक्टमधला रॅडामेंट एक, चौथ्यातला इझुअल दोन. म्हणजे लेव्हल ९९ आणि तिन्ही पातळ्या पूर्ण झाल्यावर एकूण ११०. पण ९९पर्यंत कोण जातं? आपण लेव्हल ७५चं बोलू. लेव्हलचे ७४ आणि मोहिमांचे १२, एकूण ८६.

आता समनरचा खर्च:

- रेझ स्केलेटन २०, स्केलेटन मास्टरी २०. झाले ४०.
- अँप्लिफाय डॅमेज, वीकन, टेरर, डेक्रिपिफाय, प्रत्येकी एक. मधले दोन नुसते वाटेवरचे टोल नाके आहेत, ते भरल्याशिवाय डेक्रिपिफायपर्यंत पोचता येत नाही. ४.
- डिम व्हिजन १.
- टीथ १, कॉर्प्स एक्स्प्लोजन १.
- क्ले गोलेम, गोलेम मास्टरी, समन रेझिस्ट, प्रत्येकी एक. ३.

बेरीज ५०. उरले ३६. त्यातले बरेचसे कॉर्प्स एक्स्प्लोजनमध्ये घाला, कारण प्रत्येक पॉइंटला स्फोटाचा घेर वाढतो. बाकीचे रिव्हाइव्ह (मेलेल्या राक्षसाला आपल्या बाजूने उठवणं) किंवा सांगाडे-जादूगारांत, जशी आवड. रिव्हाइव्हला जायचं तर वाटेत जादूगार, ब्लड गोलेम आणि आयर्न गोलेम असे तीन टोल आहेत, तेही कागदावर लिहा.

ही यादी लिहून समोर चिकटवलीत की नवीन चमचमतं स्किल उघडलं तरी हात आवरतो.

स्टॅट पॉइंटचं दोन ओळींत सांगतो. स्ट्रेंथ फक्त अंगावरच्या वस्तूंना लागेल तेवढी, डेक्स्टेरिटी आहे तशी राहू दे, एनर्जीत शून्य, उरलेलं सगळं व्हायटॅलिटीत. "जादूगार आहे म्हणजे एनर्जी हवी" हा सगळ्यांत जुना सापळा. माना, म्हणजे मंत्र टाकायची शक्ती, बाटल्यांनी भरून निघतो, पुढे मर्सिनरी (भाड्याचा सोबती) भरून देतो. आयुष्यालाही बाटल्या आहेत, पण त्या प्यायला आधी जिवंत राहावं लागतं.

## ४. लेव्हल १ ते ३०, हळूहळू

सुरुवातीच्या हातातल्या छडीत रेझ स्केलेटनचा एक दर्जा आधीच असतो. म्हणजे एकही पॉइंट न घालता पहिला सांगाडा उठतो. फक्त त्याच्यासाठी पहिलं प्रेत तुम्हालाच पाडावं लागतं, छडीने ठोकून. हा अर्धा मिनिट जरा लाजिरवाणा असतो, समोरून लंगडत झॉम्बी येतोय आणि हा महान मांत्रिक त्याला काठीने बडवतोय. बडवा.

पुढे असं जा:

लेव्हल २ आणि ३: दोन्ही पॉइंट रेझ स्केलेटनमध्ये. छडीचा एक धरून दर्जा तीन होतो, म्हणजे तीन सांगाडे. डेन ऑफ ईव्हिल याच सुमारास साफ होते, तिचा बक्षिसाचा पॉइंट अँप्लिफाय डॅमेजमध्ये.

इथे एक बारकावा, जो मला फार उशिरा कळला. पहिल्या तीन दर्जांना प्रत्येकी एक सांगाडा वाढतो. त्यानंतर तीन-तीन दर्जांनी एक. चौथ्या आणि पाचव्या दर्जाला सांगाडे तीनच राहतात, सहाव्याला चौथा उठतो, नवव्याला पाचवा, असं करत विसाव्या दर्जाला आठ. मी चौथा पॉइंट टाकून चौथ्या सांगाड्याची वाट बघत बसलो होतो आणि खेळ बिघडलाय असं समजलो होतो. मधले दर्जे वाया जात नाहीत, सांगाडे दणकट होतात. पण सुरुवातीला तीन झाले की मास्टरीकडे वळा, मग आलटून पालटून दोन्ही वाढवा.

अँप्लिफाय डॅमेजबद्दल. हा एका पॉइंटचा शाप शत्रूची शारीरिक प्रतिकारशक्ती शंभर टक्क्यांनी खाली आणतो. साध्या भाषेत, ज्याच्याकडे काहीच प्रतिकार नाही त्याला सांगाड्यांचा प्रत्येक घाव दुप्पट बसतो. तोही एका पॉइंटमध्ये. जास्त पॉइंट घातले की शापाचा घेर आणि वेळ वाढतो, जोर तेवढाच राहतो, म्हणून एकावर थांबा.

लेव्हल ६: क्ले गोलेम एक, टीथ एक, कॉर्प्स एक्स्प्लोजन एक. क्ले गोलेमला प्रेत लागत नाही, मातीतून उठतो. शिवाय त्याने मारलेला शत्रू मंदावतो. बॉसपुढे हा मातीचा गोळा सोन्याच्या मोलाचा आहे.

आणि कॉर्प्स एक्स्प्लोजन! या स्किलमुळे मी हा वर्ग सोडू शकलो नाही. मेलेल्याच्या आयुष्याच्या प्रमाणात स्फोट होतो, अर्धा शारीरिक, अर्धा आगीचा. म्हणजे शत्रू जितका दांडगा, तितकं त्याचं प्रेत स्फोटक. नाइटमेअरमध्ये दहा-बारा जणांचा घोळका येतो, सांगाडे त्याला अडवून धरतात, तुम्ही वरून अँप्लिफाय टाकता, सगळ्यांच्या डोक्यावर लाल खूण दिसते. एक पडतो. त्याच्यावर क्लिक. दुसरे दोघे पडतात. त्यांच्यावर क्लिक, क्लिक. तीन सेकंदांत मैदान मोकळं. दिवाळीतली लवंगी माळ पेटवल्यासारखं, पहिली वात लागेपर्यंतच काय ती कसरत. ऑनलाइन खोलीत खेळाडू वाढले की शत्रूंचं आयुष्य वाढतं, बाकीच्यांना ते जड जातं, पण तुमचा स्फोट त्याबरोबर काही अंशी मोठा होतो.

क्रम मात्र पाळा: आधी पलटण भरा, मग फोडा. उत्साहात सगळी प्रेतं फोडून झाल्यावर लक्षात येतं की सांगाडे दोनच उरलेत आणि उठवायला काही शिल्लक नाही.

लेव्हल १२ ते २४: गोलेम मास्टरी एक, २४ला समन रेझिस्ट एक आणि डेक्रिपिफाय एक. वाटेतले वीकन, टेरर आधीच भरून ठेवा. समन रेझिस्टचा पहिला पॉइंट सगळ्यांत फायद्याचा, पुढचे घटत जातात. डिम व्हिजनही एक घ्या. लांबून बाण मारणाऱ्यांच्या टोळीवर टाकला की ते आंधळ्यासारखे उभे राहतात. बॉस आणि खास नावाच्या शत्रूंवर चालत नाही.

बोनवाल्यांसाठी: लेव्हल १८ला बोन स्पिअर येतो, तोपर्यंत टीथ आणि दोन-तीन सांगाड्यांवर दिवस काढा. पॉयझनवाल्यांसाठी: वर म्हटलं तसं, ३०पर्यंत समनरच.

## ५. शापांमधले दोन सापळे

एका शत्रूवर एका वेळी एकच शाप राहतो. नवा टाकला की जुना उतरतो. चार शाप घेऊन चौपट त्रास देता येईल असं वाटतं, तसं होत नाही. गर्दीवर अँप्लिफाय, बॉसवर डेक्रिपिफाय, एवढी साधी विभागणी पुरते. डेक्रिपिफाय शत्रूला मंद करतो, त्याचा मार कमी करतो, आणि प्रतिकारही पन्नास टक्क्यांनी उतरवतो. दोन नेक्रोमॅन्सर एकत्र खेळत असाल तर कोण कुठला शाप टाकणार ते आधी ठरवा, नाहीतर एकमेकांचे पुसत बसाल.

दुसरा सापळा बोनवाल्यांचा. लोअर रेझिस्ट नाव ऐकून भारी वाटतं, म्हणून लोक सात पॉइंट खर्चून तिथपर्यंत जातात. पण तो आग, थंडी, वीज आणि विष यांचा प्रतिकार उतरवतो. बोन स्पिअरचं नुकसान मॅजिक प्रकारचं, त्याला याचा काडीचा उपयोग नाही. पालथ्या घड्यावर पाणी. पॉयझनवाल्यांना मात्र हाच शाप हवा, त्यांनी सातही पॉइंट आनंदाने भरावेत.

## ६. सोबतीला कोण?

पहिल्या अ‍ॅक्टमध्ये ब्लड रेव्हनला मारलं की काश्या एक तिरंदाज मुलगी देते. घ्या, फुकट आहे. पण निवड मिळाली तर आगीचे बाण असलेली घ्या. थंडीच्या बाणांनी मेलेला शत्रू कधी कधी काचेसारखा फुटतो आणि प्रेत उरत नाही. इतर कुणाला त्याचं काही वाटत नाही, पण आपल्या तोंडचा घास जातो ना.

दुसऱ्या अ‍ॅक्टमध्ये पोचलात की ग्रीझकडून भालेवाला घ्या. नाइटमेअरमध्ये माइट ऑरा (सोबत्यांना बळ देणारं वलय) असलेला मिळतो. त्याच्या आसपासच्या सगळ्या सांगाड्यांचा मार वाढतो. समनरसाठी याच्याइतका चांगला सोबती नाही.

## ७. अंगावर काय घालायचं

समनरने वस्तूंच्या मागे धावू नये, पण दोन-तीन रूनवर्ड, म्हणजे वस्तूच्या सॉकेटमध्ये (खाचांत) रून नावाचे दगड ठरावीक क्रमाने बसवून बनणाऱ्या वस्तू, स्वस्त आहेत आणि पुढचं सगळं सोपं करतात.

स्टेल्थ: ताल, एथ. दोन सॉकेटच्या चिलखतात. लेव्हल १७पासून घालता येतं. धावणं आणि मंत्र टाकणं दोन्ही पंचवीस टक्क्यांनी जलद. हे दोन्ही रून पहिल्या अ‍ॅक्टमधल्या फरगॉटन टॉवरच्या तळघरात काउंटेसकडे मिळतात. चार-पाच फेऱ्या मारा.

इनसाइट: राल, तिर, ताल, सोल. चार सॉकेटच्या पोलआर्ममध्ये, भालेवाल्याच्या हातात. लेव्हल २७. त्याच्या मेडिटेशन ऑरामुळे तुमचा माना झऱ्यासारखा भरत राहतो. एनर्जीत पॉइंट का घालायचे नाहीत, याचं उत्तर हे. सोल सोडून बाकीचे तीन नॉर्मलमधल्या काउंटेसकडे मिळतात.

व्हाइट: डोल, इओ. दोन सॉकेटच्या छडीत, लेव्हल ३५. बोनवाल्यांसाठी. विष-हाडांच्या सगळ्या स्किलला तीन दर्जे मिळतात, मंत्राचा वेगही वीस टक्के वाढतो. बोनवाल्यांनी एकूण वेग ७५ टक्क्यांवर न्यायचं बघावं. नेक्रोमॅन्सरचे टप्पे ९, १८, ३०, ४८, ७५ आणि १२५ असे आहेत, मधल्या आकड्यांनी काही फरक पडत नाही. ६० असणं आणि ४८ असणं सारखंच.

रूनवर्डचा नियम तीन वाक्यांत: वस्तू साधी हवी, म्हणजे निळी-पिवळी जादूची नको. सॉकेट मोजून तेवढेच हवेत. रून लिहिलेल्या क्रमानेच घालायचे. भाच्याने पाच सॉकेटच्या पोलआर्ममध्ये इनसाइट घातलं, चार रून बसले, काही झालं नाही, आणि सोल अडकला. मला रात्री साडेअकराला फोन.

एक गोष्ट हौसेने करू नका: चांगली वस्तू आयर्न गोलेमला देणं. तो ती वस्तू गिळून तिचे गुण घेतो, आणि मेला की वस्तूही गेली. इनसाइट खाल्लेला गोलेम फार कामाचा असतो हे खरं, पण दुसरं इनसाइट पेटीत असेल तेव्हाच.

## ८. जिथे बहुतेक जण अडकतात

मॅगट लेअर, दुसरा अ‍ॅक्ट. अळ्यांची बिळं, एका माणसापुरती रुंद. इथे समनरची पलटण म्हणजे संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावरची गर्दी. पुढचा एक लढतोय, मागचे सात त्याच्या पाठीला नाक लावून उभे, आणि तुम्ही सर्वांत मागे. उपाय: घाई करू नका, सांगाड्यांना पुढे जाऊ द्या, मागे सरकून जागा मोकळी करा. अळ्यांची प्रेतं फोडत पुढे जा. वैताग येईल, पण जमतं.

ड्युरिएल, त्याच अ‍ॅक्टचा शेवट. भाचाही नॉर्मलमध्ये इथेच सगळ्यांत जास्त मेला होता. छोटीशी खोली, आत फक्त तो, म्हणजे एकही प्रेत नाही. त्याच्या थंडीच्या ऑरात सगळे मंदावतात, सांगाडे धडाधड पडतात आणि परत उठवता येत नाहीत. तयारी अशी: थडग्याच्या बाहेरच पलटण पूर्ण भरून घ्या. त्या गावातल्या लायसँडरकडून थॉइंग पोशन (थंडीवरचं औषध) घेऊन दोन-तीन आधीच प्या. आत शिरताच टाउन पोर्टल (गावात नेणारं दार) उघडा, मग क्ले गोलेम त्याच्या अंगावर सोडा. डेक्रिपिफाय असेल तर टाका. गोलेम मेला की नवा उठवा, तो मातीचाच, प्रेत लागत नाही. सांगाडे संपले की पोर्टलने बाहेर या, थडग्यात परत जाऊन नवी पलटण उठवा आणि या. ड्युरिएल तिथेच असतो.

अँडॅरिएल, पहिल्या भागाची शेवटची बॉस, त्यामानाने सोपी. विषासाठी तिथल्या गावातल्या अकाराकडून अँटिडोट पोशन घ्या, तिला आग सोसत नाही हे लक्षात ठेवून भोवतीच्या शत्रूंची प्रेतं तिच्याजवळ फोडा.

एन्शंट्स, पाचवा अ‍ॅक्ट. तिघे पुतळे जिवंत होतात. इथेही प्रेतं नाहीत, आणि वर मधेच टाउन पोर्टल उघडलंत तर लढाई पहिल्यापासून. पलटण पूर्ण, बाटल्या पूर्ण, मर्सिनरी धडधाकट, मगच वेदीला हात लावा. रिव्हाइव्ह वापरत असाल तर ते तीन मिनिटंच टिकतात, म्हणून वर चढायच्या अगदी आधी उठवा.

हेल. नाइटमेअरला सगळ्या प्रतिकारांतून चाळीस वजा होतात, हेलला शंभर. काल नाइटमेअरमध्ये ७० असलेला आगीचा प्रतिकार आज दहावर येतो. बाकी सगळं बाजूला ठेवून आधी प्रतिकार भरा, कमाल मर्यादा ७५. नेक्रोमॅन्सरच्या मुंडक्याच्या ढालीत शेल, एथ घालून राइम केलं तर सगळे पंचवीसने वाढतात, चिलखतात नेफ, लुम घालून स्मोक केलं तर पन्नासने. तिथे मेलात तर अनुभवाचे दहा टक्के जातात. आपलं प्रेत परत उचललं की त्यातला बराचसा परत मिळतो. प्रेताचा हिशेब इथेही सुटत नाही बघा.

## ९. पॉइंट चुकले तर

आता सोय आहे. २०१०च्या सुधारणेपासून डेन ऑफ ईव्हिल साफ केली की अकारा एकदा सगळे स्किल आणि स्टॅट पॉइंट परत देते. प्रत्येक अडचण-पातळीला एक, एकूण तीन वेळा. वापरलं नाही तर शिल्लक राहतं, म्हणून नॉर्मलमधलं लेव्हल ३०च्या आत उधळू नका. घेण्याआधी एक बघा: स्ट्रेंथही परत जाते, त्यामुळे चिलखत अंगावर लाल होऊन बसतं, घाबरू नका, आधी स्ट्रेंथ भरा.

तिन्ही संपले तर हेलमध्ये चार अर्क गोळा करावे लागतात. पहिला अँडॅरिएल किंवा ड्युरिएलकडून, दुसरा मेफिस्टोकडून, तिसरा डायब्लोकडून, चौथा बाल नावाच्या शेवटच्या बॉसकडून. चारही होराड्रिक क्यूबमध्ये (वस्तू एकत्र करून नवी बनवणारा डबा) टाकले की टोकन ऑफ अ‍ॅब्सोल्यूशन मिळतं, त्याने पुन्हा एकदा सगळं मोकळं होतं.

भाच्याने परवा अकाराकडे जाऊन ४१ पॉइंट परत घेतले. रेझ स्केलेटन १६, मास्टरी १५, बाकी सगळे एकेकाचे. शेवटी एक उरला होता, तो कुठे टाकू असं विचारत होता. मी म्हटलं, स्फोटात टाक. त्याने पॉयझन डॅगरमध्ये टाकला.